आपला माणूस वर गेला

माझे वडील आणि माझे सासरे एका छताखाली दोन महिने राहिले तर काय होईल, याचा विचार आम्ही नवरा-बायकोने केला नव्हता असं नाही. आम्हाला वाटलं होतं, जेवणावरून वाजेल, बाळाला तेल कुणी लावायचं यावरून वाजेल, टीव्हीच्या रिमोटवरून तर नक्कीच वाजेल. अंतराळात पहिलं कोण गेलं, अमेरिका की रशिया, यावरून वाजेल असं आमच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पण म्हाताऱ्या माणसांना भांडायला घरातलं कारण कमी पडलं की ती थेट आभाळात हात घालतात.

आम्ही अबूधाबीत अल रीम आयलंडवर राहतो. फ्लॅट दोन बेडरूमचा. माझं दुसरं बाळंतपण होतं. आई काही वर्षांपूर्वी गेली, त्यामुळे माहेरून बाबा एकटेच आले. सासू-सासरे आले ते मुलाच्या घरी यायचा हक्कच असतो म्हणून. माझ्या आठ वर्षांच्या मुलीची खोली अर्थातच त्यांना मिळाली, मुलगी आमच्या खोलीत पाळण्याशेजारी आली, आणि बाबांच्या वाट्याला हॉलमधला उघडमीट होणारा सोफा आला. आल्या दिवशी त्यांनी मला हळूच विचारलं, "सकाळी हा मी लवकर मिटवून ठेवत जाईन ना? कुणी पाहुणे आले तर बरं दिसत नाही." ते स्वतःच पाहुणे होते हे त्यांच्या गावीही नव्हतं. येताना त्यांनी डिंकाचे लाडू आणले होते ते ठीक, पण स्वतःपुरती चहा पावडर, साखर आणि शेंगदाणेही आणले होते. मुलीच्या घरचं फुकट खायचं नाही म्हणून. ज्या घराचं अर्धं भाडं ती मुलगी विमा कंपनीत मान मोडून भरते, त्या घरात.

बाबा यायच्या आधीच मी एक ठरवून ठेवलं होतं. माझ्या घरात त्यांनी कुणापुढे हात जोडायचे नाहीत. याला कारण माझं लग्न. सीमांतपूजनाच्या संध्याकाळी आमच्याकडच्या कुणी तरी कॉफीचा पहिला कप नवरदेवाच्या वडिलांऐवजी गुरुजींच्या हातात दिला. झालं. सासरे, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, कार्यालयातल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. कॉफीसाठी. बँकेतला अधिकारी माणूस, तीन मुलांचा बाप. माझ्या बाबांनी त्या खोलीत जाऊन हात जोडले, "चुकलं आमचं" म्हणाले, आणि वर म्हणाले, "मुलगी आता तुमचीच आहे, तिच्याकडे बघून सोडून द्या." मी दारात हिरव्या साडीत उभी राहून ते ऐकलं. एका कप कॉफीच्या बदल्यात मी दिली गेले असं मला तेव्हा वाटलं, आणि आजही वाटतं.

आता अण्णांविषयी. माझे मोठे दीर अमेरिकेत असतात. त्यामुळे अमेरिका अण्णांची आहे. तिथे गेलं की ते न चुकता एखाद्या रॉकेटच्या संग्रहालयात जातात आणि तिथल्या दुकानातून टी-शर्ट आणतात. छातीवर उडतं यान, पाठीवर ढगांतून जाणाऱ्या धुराची शेपटी. असे त्यांच्याकडे पुष्कळ आहेत, आणि ते घालून ते आमच्या इमारतीच्या लॉबीत असे फिरतात की वॉचमनला वाटावं, हे नुकतेच उतरले. चंद्रावर जाऊन आलेले तिघे जगभर फिरताना मुंबईला आले होते, तेव्हा गर्दीत आपण उभे होतो आणि त्यातल्या एकाने आपल्याकडे बघून हात हलवला, ही गोष्ट त्यांनी मला लग्न झाल्यापासून इतक्या वेळा सांगितली आहे की हात हलवणाऱ्याच्या मनगटातलं घड्याळही मला दिसू लागलं आहे. नवरा म्हणतो, उभं राहण्याची जागा ते दर वेळी वेगळी सांगतात.

बाबांचं प्रकरण वेगळं. ते सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यात शाळेत होते तेव्हा रशियाचा माणूस पहिल्यांदा अंतराळात गेला. त्यांचे मास्तर लाल बावट्याचे. त्यांनी वर्गात येऊन आनंदाने जाहीर केलं, "पोरांनो, आपला माणूस वर गेला." बाबांनी घरी धावत येऊन आजीला तेच सांगितलं, "आये, आपला माणूस वर गेला." आजीने हातातली भाकरी तव्यावरच टाकली, पदर डोक्यावर घेतला आणि विचारलं, "कुणाचा रं? कवा?" बाबा म्हणाले, "सकाळी. लई उंच गेला म्हणं." आजी घरोघर जाऊन चौकशी करून आली, कुणाकडे रडारड ऐकू येईना, मग परत येऊन तिने बाबांच्या पाठीत धपाटा घातला. बाबांना मात्र दोन-चार दिवस खरंच वाटत होतं की आपल्या तालुक्यातलंच कुणी तरी गेलंय, आणि तो खाली येताना आमच्या गावावरून जाईल.

पुढे बाबा मोठे झाले, वीज खात्यात कारकून झाले, रशिया कुठे आणि सांगली कुठे ते त्यांना कळलं. पण तो "आपला" काही त्यांच्या तोंडातून गेला नाही. गावात पुस्तकांची गाडी यायची, तिच्यात रशियातून छापून आलेली मराठी पुस्तकं मातीमोल भावात मिळायची. बाबा ती आणायचे, आणि त्यांच्याबरोबर येणाऱ्या गुळगुळीत मासिकाच्या पानांची आमच्या वह्या-पुस्तकांना कव्हरं घालायचे. माझ्या गणिताच्या पुस्तकावर रॉकेट होतं आणि भूगोलावर तो हसरा पहिला माणूस, तोही उलटा, कारण बाबांना कव्हर घालताना चित्र सरळ येईल असा कागद कधीच कापता आला नाही. वर्गातल्या मुली विचारायच्या, हा तुझा कोण? मी वैतागून सांगायचे, आमच्या बाबांचा आहे कुणी तरी.

अशी ही दोन माणसं अबूधाबीत एकत्र आली. पहिला आठवडा बरा गेला, कारण दोघेही बाळाच्या नाकाकडे बघून ते कुणाकडून आलं हे ठरवत होते. मग एका सकाळी अण्णा चहा पिता पिता म्हणाले, "अमेरिकेनं मनावर घेतलं म्हणून माणूस पृथ्वी सोडून गेला, नाही तर बसला असता इथंच."

बाबांनी आपला स्वतःच्या पावडरीचा चहा खाली ठेवला. "तसं नाही, अण्णा," ते अदबीनेच म्हणाले, "पहिला आपला गेला."

"आपला म्हणजे?"

"रशियाचा."

तिथून सुरुवात झाली. रोज सकाळी नऊच्या सुमारास आमच्या हॉलमध्ये जगातल्या दोन बलाढ्य देशांचं युद्ध सुरू व्हायचं आणि जेवायला बोलावलं की थांबायचं. बाबा म्हणायचे, पहिला उपग्रह आपला, पहिला प्राणी आपला, पहिला माणूस आपला, पहिली बाई आपली, यानाच्या बाहेर येऊन तरंगणारा पहिलाही आपलाच. अण्णा म्हणायचे, मग चंद्रावर का नाही गेले तुमचे? बाबा म्हणायचे, भारताचा पहिला माणूस वर गेला तो कुणाच्या यानातून? अण्णा म्हणायचे, अहो ती भीक होती. मग बाबा गप्प बसायचे, पण गप्प बसण्याआधी एकदा पुटपुटायचे, "पण पहिला आपलाच." हे पुटपुटणंच अण्णांना सहन व्हायचं नाही. सासूबाई आतून म्हणायच्या, "अहो, लिंबू दोन दिरहॅमला एक, म्हणजे जवळजवळ पन्नास रुपये, आणि तुम्ही चंद्राचं काय घेऊन बसलात." त्यांच्याकडे कुणी लक्ष देत नसे.

मी आतल्या खोलीत बाळाला पाजत हे सगळं ऐकायचे आणि मला दोघांचीही कीव यायची. त्याहून जास्त त्या दोन देशांची. काय ती शर्यत. एकाने रस्त्यावरची कुत्री पकडून वर पाठवली आणि ती खाली आणायची काही सोयच केली नाही, आणि वर टाळ्या वाजवून घेतल्या. दुसऱ्याने चंद्रावर झेंडा रोवला. तिथे वारा नाही हे माहीत होतं, झेंडा लोळागोळा होऊन लटकेल आणि फोटो नीट येणार नाही, म्हणून त्याच्या वरच्या कडेत आडवी काठी घालून नेली. घरी पडदा लावतात तशी. माणसं पाठवायची एवढ्या लांब आणि काळजी पडद्याची. लग्नातल्या मानपानात आणि यात मला काही फरक दिसत नव्हता. माझा मानाचा कप आधी की तुझा, एवढंच. फक्त कॉफीऐवजी यांनी अख्खा चंद्र घेतला.

काठीची ही गोष्ट मी एकदा बाबांना सांगितली. बाळ मांडीवर झोपलं होतं, बाबा शेजारी बसून त्याच्या लंगोटांच्या घड्या घालत होते. ते पोट धरून हसले. आई गेल्यानंतर मी त्यांना एवढं हसताना पाहिलं नव्हतं. "खरं सांगतेस?" त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. मी मोबाईलवर फोटो शोधून दाखवला. ते काठीकडे डोळे बारीक करून बघत राहिले.

एकदाच दोघांचं एकमत झालं, आणि तेही माझ्या मुलीविरुद्ध. तिला शाळेत अंतराळवीराचा प्रोजेक्ट होता. इथल्या देशानेही आपली माणसं वर पाठवली आहेत, त्यांची चित्रं हिच्या वर्गाच्या भिंतीवर आहेत. तिने जेवताना सांगितलं, "आय ॲम डूइंग आवर ॲस्ट्रोनॉट."

"आपला म्हणजे भारताचा ना?" बाबांनी विचारलं.

"नो, आजोबा. आवर. फ्रॉम हिअर."

दोघेही आजोबा एकदम हसले. अण्णा म्हणाले, "अगं, तुझा पासपोर्ट कुठला आहे बघ आधी. तुझा व्हिसा तुझ्या बाबाच्या नोकरीवर आहे. आवर कसला?" बाबांनीही मान डोलावली. रशियाच्या माणसाला जन्मभर आपला म्हणणाऱ्या माझ्या बाबांनी. मुलीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि ताटातली भेंडी बाजूला सारत म्हणाली, "ॲटलीस्ट आय लिव्ह हिअर." मग ती उठून गेली. तिला भेंडी आवडत नाही, त्यामुळे तिने मुद्दा जिंकून भाजीही टाळली, आणि मला ते मनापासून आवडलं.

बारशाची तारीख ठरली. इमारतीच्या खालच्या मजल्यावर हॉल आहे, तो दुपारी चारपर्यंत मिळाला. आजकाल इथे बारशालाही थीम लागते. पाळण्याला चार झेंडूच्या माळा घालून भागत नाही. डेकोरेशनवाल्याशी नवऱ्याने बोलायचं होतं, पण नवऱ्याला ऑफिसात मीटिंग होती, म्हणून त्याने ते काम अण्णांवर सोपवलं. बारशाच्या सकाळी मी बाळाला घेऊन खाली गेले तर पाळण्याच्या मागे भिंतभर चंद्र होता, चंद्रावर पांढऱ्या पोशाखातला माणूस, आणि माणसाच्या हाताशी अमेरिकेचा झेंडा. कोपऱ्यात इंग्रजीत "वेलकम लिटल ॲस्ट्रोनॉट". पाळण्याला चंदेरी कागद गुंडाळून त्याचं यान केलं होतं.

"ये क्या है?" मी डेकोरेशनवाल्याला विचारलं.

"मॅडम, बडे सर ने बोला स्पेस थीम. फोटो भी उन्होंने भेजा."

"झेंडा निकल सकता है?"

"अब नहीं होगा मॅडम, प्रिंट है. खलास."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो फुगे मोजत असल्यासारखा वर बघत होता. माझ्या नवऱ्याला भांडणाचा वास आला की त्याला छतात फार रस निर्माण होतो.

पाहुणे येऊ लागले. बरेचसे दुबई आणि शारजाहून आले होते, सुट्टीची सकाळ रस्त्यात घालवून, त्यामुळे आल्या आल्या सगळे ट्रॅफिकविषयी बोलत होते. अण्णा झेंड्याखाली उभे राहून ज्याला त्याला धरत होते. कुर्ता घातला होता, पण डोक्यावर त्या संग्रहालयाची टोपी होतीच. "माणसाचं पृथ्वीबाहेरचं पहिलं पाऊल," ते भिंतीकडे हात करून सांगत होते, "आणि हे तिघे मुंबईला आले होते तेव्हा मी..."

बाबा खुर्च्या लावत होते. लेकीच्या घरी कार्य असलं की बाप खुर्च्याच लावतो, त्याला कुणी सांगावं लागत नाही. हातात दोन खुर्च्या तशाच धरून ते म्हणाले, "पृथ्वीबाहेर पहिला आपला गेला, अण्णा. चंद्रावर तुमचे, ते बरोबर."

"परत आपला," अण्णा पाहुण्यांकडे वळले. "यांचा आपला. अहो, तुमच्या तालुक्यातला होता का तो?"

लोक हसले. एरवी बाबा इथे थांबले असते. त्या दिवशी थांबले नाहीत. खुर्च्या खाली ठेवून ते शांतपणे म्हणाले, "तालुक्यातला नव्हता. पण झेंड्याला पडद्याची काठी लावून फोटो काढणाऱ्यांतलाही नव्हता." आणि त्यांनी जवळ जाऊन भिंतीवरच्या झेंड्याची वरची कड बोटाने दाखवली. तिथे काठी स्पष्ट दिसत होती.

या वेळी हसू मोठं होतं. शारजाहून आलेले एक गृहस्थ तर टाळी देत म्हणाले, "अरे हो की, खरंच पडद्याची काठी आहे." दोन-तीन जणांनी पुढे येऊन मोबाईलने काठीचा फोटो काढला. काठीच्या खाली अण्णा उभे होते, त्यामुळे फोटोत तेही आले. मी पाळण्यापाशी होते. मला असा आनंद झाला की काय सांगू. माझ्या बापाने माझ्या घरच्या कार्यात, चारचौघांत, ताठ उभं राहून एक वाक्य उच्चारलं होतं आणि लोक त्याच्या बाजूने हसले होते.

अण्णांचा चेहरा बदलला. ते आवाज न चढवता म्हणाले, "मुलीच्या बापानं नातवाच्या बारशात असं बोलावं? ठीक आहे. चालू द्या तुमचं." टोपी काढून त्यांनी खुर्चीवर ठेवली, लिफ्टकडे गेले आणि वर निघून गेले. सत्तरी ओलांडलेला माणूस रशियावर रुसला.

सासूबाई माझ्याजवळ आल्या. "यांचं बीपी आहे," त्या म्हणाल्या. "तुझ्या बाबांना कळायला हवं होतं जरा."

मग नवरा आला. त्याने आधी छताकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "हे बघ, दोन मिनिटांचं काम आहे. बाबांना म्हणावं वर जाऊन एक सॉरी टाका. खलास. सगळे थांबलेत."

"टाका म्हणजे? सॉरी काय पेटीत टाकतात?"

"यार, आत्ता शब्द पकडू नकोस."

"आणि अण्णा कधी सॉरी टाकणार?"

"अण्णांचं तुला माहितीये."

मला माहीत होतंच. अण्णांचं सगळ्यांनाच माहीत असतं, आणि माहीत असल्याचा फायदा नेहमी अण्णांनाच मिळतो. मी नवऱ्याला सांगितलं की हॉल चारला सोडायचाय, पाहुणे उपाशी आहेत, आपण सुरू करू. ज्यांना यायचं ते येतील. मग मी बाबांकडे गेले. ते भिंतीला टेकून उभे होते, हातांची बोटं एकमेकांत अडकवून. "बाबा, तुम्ही वर जायचं नाही," मी म्हटलं. "काही चुकलेलं नाही तुमचं. इथे बसा, पाळण्याच्या शेजारी, सगळ्यांत पुढे." मी स्वतः खुर्ची ओढून त्यांना बसवलं. त्यांनी मान हलवली.

बारसं सुरू झालं. नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि आत्या पुण्यात. सासूबाईंनी मोबाईल बाळाच्या कानाला लावला आणि पलीकडून नणंदबाईंनी "कुर्रर्र" केलं. नेटवर्क अडकत असल्यामुळे त्याचे तुकडे तुकडे होऊन आले आणि बाळाने दचकून टाहो फोडला. बायकांना बुक्के मारायला आत्याची पाठ नव्हती, त्या मोबाईललाच टपल्या मारत हसत होत्या. घुगऱ्या वाटल्या गेल्या. या गडबडीत मी वळून पाहिलं तेव्हा बाबांची खुर्ची रिकामी होती. वाटलं, बाथरूमला गेले असतील. किंवा पाहुण्यांना पाणी द्यायला. त्यांना नुसतं बसवत नाही.

पानं वाढायला घेतली होती तेव्हा लिफ्टचं दार उघडलं. अण्णा आले. बाबांनी त्यांच्या कोपराला हात दिला होता, जणू अण्णांना चालता येत नव्हतं. मागे माझी मुलगी. अण्णा प्रसन्न दिसत होते. बाबांनी खुर्चीवरची टोपी उचलली, हाताने झटकली आणि त्यांना दिली. अण्णांनी ती घातली. मग बाबांनी त्यांना पहिल्या पानावर नेऊन बसवलं आणि वाढणाऱ्याला खूण केली, श्रीखंड आधी इकडे.

मी मुलीला बाजूला घेतलं. "वर काय झालं?"

"आजोबा सेड सॉरी," ती म्हणाली. "ही सेड अमेरिका वॉज फर्स्ट. इन एव्हरीथिंग."

"असं म्हणाले?"

"या. ॲण्ड ही डिड धिस." तिने दोन्ही हात जोडले, मान खाली घातली आणि कमरेत वाकून दाखवलं. "लाइक फॉर गॉड."

मी तिचे हात सोडवले. ते मी जरा जोरातच सोडवले असावेत, कारण ती म्हणाली, "मम्मा, व्हॉट डिड आय डू?"

संध्याकाळी सगळे गेल्यावर बाबा स्वयंपाकघरात उरलेला मसालेभात डब्यांत भरत होते. हॉलमध्ये अण्णा अमेरिकेतल्या मुलाला फोनवर बारशाचं वर्णन सांगत होते, झेंडा किती मोठा होता ते. मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

"मी तुम्हाला जाऊ नका म्हटलं होतं."

"अगं, काय झालं त्यात," बाबा म्हणाले. "दोन शब्द बोललो. तो माणूस जेवला. कार्य नीट पार पडलं."

"सगळ्यांत अमेरिका पहिली असं म्हणालात तुम्ही."

"म्हणालो. तो देशच उरला नाही आता, कुणासाठी भांडायचं?" त्यांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं. "मी जाणार पुढच्या आठवड्यात. तुला यांच्याबरोबर काढायचंय आयुष्य. उद्या उठून तुला चार शब्द ऐकवले असते, ते कुणी ऐकायचे?"

"मी ऐकले असते. हे घर माझंही आहे, बाबा. अर्धं भाडं मी भरते. मला कुणी ऐकवायला लागलं तर मी उत्तर देईन. तुम्हाला का वाटतं की मला अजून कुणी तरी हात जोडून सोडवायला लागतं?"

त्यांना खरंच कळलं नव्हतं. मी का चिडले, हे त्यांच्या कुठल्याच हिशोबात बसत नव्हतं. शेवटी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ताप आला की ठेवायचे तसा, आणि म्हणाले, "बाळंतिणीनं असं चिडू नये. दूध आटतं."

पुढच्या आठवड्यात आम्ही त्यांना एअरपोर्टला सोडायला निघालो. अण्णा दारापर्यंत आले, बाबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "या परत. वाद घालायला तुमच्यासारखा माणूस पाहिजे." मोठ्या मनाने म्हणाले. जिंकलेल्याला मोठं मन परवडतं. आणि बाबांनी तिथेच, बॅग खाली ठेवून, पुन्हा दोन्ही हात जोडले. मी लिफ्टचं बटण दाबलं आणि आकडे बघत उभी राहिले.

अण्णांचा राग मला आला नाही. राग धरावा एवढी त्यांची किंमत माझ्याकडे उरलेलीच नाही. ते इथे दर हिवाळ्यात येतात, टी-शर्ट घालून फिरतात, मी त्यांना चहा देते आणि विसरून जाते. राग मला बाबांचा आला. त्या एका दुपारी ते जिंकले होते, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि मला न विचारता, माझ्यासाठी म्हणून, ते वर जाऊन हरून आले. फोनवर ते अजून दर रविवारी विचारतात, अण्णा बरे आहेत ना, काही बोलत नाहीत ना तुला. मी म्हणते, नाही. मग ते समाधानाने म्हणतात, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" आणि त्या वेळी मला माझ्या बापाशी बोलवत नाही.